पाच आठवड्यांचा ताप: रक्ताचे सिक्वेन्सिंग करून घ्यावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)
माझ्या ६२ वर्षांच्या आईला पाच आठवड्यांपासून रोज संध्याकाळी थंडी वाजून १०१ ते १०२ ताप चढतो आणि पहाटे उशी भिजेपर्यंत घाम येऊन उतरतो. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी), छातीचा एक्स-रे, कशातच काही निघाले नाही; वजन मात्र चार किलोंनी घटले आहे. डॉक्टरांनी आता रक्ताचे सिक्वेन्सिंग सुचवले आहे. त्यातून कारण नक्की सापडेल का?

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करतो)
सापडू शकते, पण ‘नक्की’ म्हणता येणार नाही. सिक्वेन्सिंगमध्ये नमुन्यातील सगळा डीएनए वाचून, त्यातला माणसाचा भाग वगळून, उरलेले तुकडे ज्ञात जंतूंशी ताडून पाहतात. त्यामुळे कोणाच्या ध्यानीमनी नसलेला जंतूही हाती लागतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका १४ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तीस लाखांहून अधिक तुकड्यांत अवघे ४७५ लेप्टोस्पायरा या जीवाणूचे निघाले आणि पेनिसिलिनने तो बरा झाला. पण ते सापडले मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात. जंतू जिथे आहे तिथलाच नमुना हवा, हे विसरू नका. आपल्याकडे लांबलेल्या तापामागे अनेकदा फुप्फुसाबाहेरचा क्षय असतो. तो गाठीत, यकृतात किंवा अस्थिमज्जेत दडलेला असला, तर रक्तात त्याचा मागमूस नसू शकतो. म्हणून रक्ताचा अहवाल निरंक आला तरी क्षय नाही असे मानू नका. आधी पेट (PET) स्कॅनबद्दल, म्हणजे आजार शरीरात कुठे दडला आहे ते दाखवू शकणाऱ्या चित्रणाबद्दल, विचारा. बायोप्सी ठरली, तर सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) जाऊ देऊ नका. त्यात जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. एक भाग सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत वेगळा ठेवायला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगा. हे मी कळकळीने लिहितो, कारण फॉर्मलिनची एकुलती एक बाटली आमच्याकडे वारंवार येते आणि तेव्हा आमचे हात बांधलेले असतात.

उत्तर (कारेलीबाग)
माझ्या काकांच्या अहवालात तीन जीवाणूंची नावे आली होती आणि आम्ही हादरलो. ते त्वचेवरचे नेहमीचे जंतू असून नमुना घेताना मिसळले असावेत, असे डॉक्टरांनी समजावले. ताप जंतूंचा नव्हताच. रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) अतिशय वाढलेले दिसल्यावर प्रौढांमधील स्टिल्स आजाराचे, म्हणजे जंतूंशिवाय शरीरात दाह होणाऱ्या आजाराचे, निदान झाले आणि स्टेरॉइडने ताप उतरला. जंतू शोधणारे सिक्वेन्सिंग असा आजार दाखवत नाही.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. फेरिटिन अजून तपासलेलेच नाही. उद्या डॉक्टरांना तेही विचारतो आणि दुसऱ्या बाटलीचे आजच वहीत लिहून ठेवले आहे.