मदत हवी आहे : प्रोटिस्टा आणि कवके यांतील फरकाचा मुख्य निकष कोणता?

प्रोटिस्टा (अमीबासारखे, बहुतांशी एकपेशीय सजीव) आणि कवके (बुरशी, भूछत्रे इत्यादी) हे दोन्ही गट दृश्यकेंद्रकी (पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असलेले) आहेत. अमीबाला पेशीभित्तिका नसते आणि कवकांची भित्तिका कायटिनयुक्त (कायटिन हे एक चिवट कर्बोदक) असते, इथवर मला स्पष्ट आहे. परंतु बटाट्यावर करपा आणणारा फायटोप्थोरा हा सूक्ष्मजीव कवकांप्रमाणेच तंतुरूपाने वाढतो, बाहेरून अन्न शोषतो, आणि तरीही त्याच्या भित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज व ग्लुकान ही कर्बोदके असून जनुकीय नाते तपकिरी शैवालांशी असल्याने त्याला आज कवकांत धरत नाहीत. कशाभिकेवरून (पोहण्यास उपयोगी चाबकासारख्या शेपटीवरून) ठरवावे, तर कायट्रिड ही सूक्ष्म, खरी कवके असूनही त्यांचे बीजाणू कशाभिकेने पोहतात (हा अपवाद मला विशेष विलक्षण वाटतो). मग विद्यार्थ्यांना फरक समजावताना पेशीभित्तिका, पोषणपद्धती की जनुकीय नाते, यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे? जाणकारांनी कृपया सकारण मार्गदर्शन करावे.