बंड्या रात्रभर झोपत नाही, तातडीने मदत हवी आहे

मोटरमन_निवृत्त (सोमवार, सं. ६.१०)
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गेला दीड महिना बंड्या रात्री झोपत नाही. दीड-दोनला उठतो, या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालतो, मग कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो. हाक मारली तरी वळत नाही. थोड्या वेळाने ओरडायला लागतो. दोनदा हॉलमध्येच लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, वयोमान. ते मीही सांगितलं असतं, तेही फुकट. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिचीही झोप मोडते. खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली आहे. झोपेची गोळी द्यावी का? किती? लवकर सांगा, आज रात्रीही हेच होणार.

ओसरी (सं. ६.३२)
आमच्या सासऱ्यांचं शेवटची तीन वर्षं अगदी असंच होतं. दिवेलागणीनंतर गोंधळ वाढायचा. पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा ठेवा. सामानाची जागा बदलू नका. दुपारी सलग झोपू देऊ नका. डायपर लावायला लागलं तर कमीपणा मानू नका. प्रोस्टेट दाखवलंय का? आणि एक सांगते, राग नसावा. वडीलधाऱ्या माणसाचा जाहीर धाग्यावर 'बंड्या' असा उल्लेख खटकला.

मोटरमन_निवृत्त (सं. ६.४०)
बंड्या कुत्रा आहे.

ओसरी (सं. ६.४३)
अगंबाई! तुम्ही धागा 'ज्येष्ठ नागरिक' विभागात काढलात हो. प्रोस्टेटचं सोडा, दिव्याचं मात्र मी मागे घेत नाही.

फुलपात्र (सं. ६.५१)
हसून हसून पुरेवाट. पुढील लेखनास शुभेच्छा.

भूभूमाय (सं. ७.०५)
काका, माणसाची झोपेची गोळी अजिबात देऊ नका. आधी हे सांगा: वय? जात? वजन? गाव कुठलं? पाणी किती पितो? कान-डोळे कसे आहेत? घरात अलीकडे काही बदललं का? आणि कुठलं औषध चालू आहे?

मोटरमन_निवृत्त (सं. ७.२०)
तेरा पूर्ण. गावठी, १६ किलो. डोंबिवली. पाणी पितो. डोळ्यांत थोडी सफेदी आहे. औषध काही नाही. गोळीचं सांगा.

कडूकारले (सं. ७.२८)
गोळ्याबिळ्या सोडा. आमच्या गावाला कुत्र्यांना कोण डॉक्टरकडे नेतं? रात्री कोमट दुधात हळद आणि चमचाभर तूप, वर दहा-बारा भिजवलेले मनुके. पोट साफ, झोप गाढ. अनुभवाचे बोल.

भूभूमाय (सं. ७.३१)
मनुके नको!! द्राक्षं, बेदाणे, मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तेराव्या वर्षी तर विचारूच नका. कडूकारले, कृपया प्रतिसाद संपादित करा.

कडूकारले (सं. ७.४०)
आमच्या वाघ्याने आयुष्यभर प्रसादाचा शिरा खाल्ला, बेदाण्यांसकट. काही झालं नाही. हल्ली सगळ्याचीच भीती.

भूभूमाय (सं. ७.४४)
एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याला मूठभराने होतं. कोणाला होणार ते आधी कळत नाही, म्हणूनच नको म्हणतात. वाघ्या किती वर्षं जगला?

कडूकारले (सं. ७.५२)
सात. पण तो ट्रॅक्टरखाली गेला. त्याचा मनुक्यांशी संबंध नाही.

तिसरी_घंटा (सं. ८.१५)
चिठ्ठीचं मनावर घेऊ नका. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. प्रत काढून नोटीस बोर्डावर लावा. आमच्याकडे सेक्रेटरी एका दिवसात सरळ झाले.

मोटरमन_निवृत्त (सं. ८.२२)
आमच्याकडे लिफ्टच नाही, तिसरा मजला आहे. आणि चिठ्ठी भांडणाची नव्हती. त्यांच्या मुलीची बारावी आहे, एवढंच लिहिलंय. त्यांचं काही चूक नाही.

फुलपात्र (सं. ८.३०)
तिसरा मजला, लिफ्ट नाही, १६ किलो!! उतरवता कसं?

मोटरमन_निवृत्त (सं. ८.४१)
उचलून. जुन्या चादरीची झोळी पोटाखालून घालतो, मागचे पाय पेलले की पुढचे तो स्वतः टाकतो. दिवसातून तीनदा. नोकरीत असताना एवढा व्यायाम कधी झाला नाही.

अनिवासी_अण्णा (सं. ९.०२)
सांध्यांचं दुखणं असेल तर रात्री अस्वस्थ होणारच. आमच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला न्यू जर्सीत पाण्याखालच्या ट्रेडमिलवर चालवत होतो, खूप फरक पडला. तुमच्याकडे जवळपास सोय आहे का बघा.

कडूकारले (सं. ९.०५)
डोंबिवलीत पावसाळ्यात सगळीकडेच पाण्याखालची ट्रेडमिल असते. (हलके घ्या.)

पंपवाला (सं. ९.१८)
दुखत असेल तर आयबुप्रोफेन पाव गोळी द्या, विषय संपला.

भूभूमाय (सं. ९.२०)
देऊ नका! आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं असतात, तीही तपासणी करून. काका, 'पाणी पितो' म्हणजे किती? लिटरच्या बाटलीने मोजून भांड्यात ओता आणि उद्या याच वेळी उरलेलं मोजा. घरात काय बदललं तेही राहिलं.

मोटरमन_निवृत्त (मंगळवार, रा. ९.३०)
मोजलं. दोन लिटर आणि वर थोडं. उन्हाळा आहे म्हणून असेल. बदल म्हणजे, हिच्या ऑपरेशनआधी हॉलच्या फरश्या काढून मोठ्या चकचकीत टाइल्स बसवल्या. बंड्या त्यावर घसरतो, म्हणून कडेकडेने भिंतीला धरून चालतो. बाकी काही नाही. हां, मार्चपासून खाजेची गोळी रात्री जेवणातून देतो, पण ती कातडीची आहे, तिचा झोपेशी काय संबंध.

भूभूमाय (रा. ९.३४)
गोळीचं नाव वाचून सांगा. 'औषध काही नाही' म्हणाला होतात ना, काका!

मोटरमन_निवृत्त (रा. ९.४७)
चष्मा शोधत होतो. प्रेडनिसोलोन.

भूभूमाय (रा. ९.५५)
हे स्टेरॉइड आहे. याने तहान, भूक आणि लघवी वाढते, कुत्रा धापा टाकतो, बेचैन होतो. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी म्हणजे जास्तच. तुमच्या बंड्याला १६०० ची मर्यादा, तो २००० च्या पुढे. त्यात रात्री गोळी, म्हणजे रात्रीच उठणार. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरातच स्टेरॉइड जास्त तयार होण्याचा आजार) यांतही असंच होतं, म्हणून रक्त आणि लघवी तपासून घ्याच.

पंपवाला (रा. ९.५८)
मग आजपासून गोळी बंद. सोप्पं.

भूभूमाय (रा. १०.०१)
तुम्ही या धाग्यावर दुसऱ्यांदा जीव घ्यायला निघालात. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम थांबवायचं नसतं, शरीरात स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि पाणीही तोडू नका, तहान खरी असते.

ओसरी (रा. १०.१२)
सासऱ्यांनाही दम्यासाठी तीच गोळी होती. सकाळी नाश्त्यानंतरच द्यायला सांगितलेली, नाहीतर रात्रभर जागे.
बरं, तो कोपरा नक्की कुठला हो? सासरे रात्री कपाटालाच बाथरूमचं दार समजायचे.

मोटरमन_निवृत्त (रा. १०.४०)
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून नीट पाहिलं. कोपरा म्हणजे मुख्य दाराची बिजागरीची बाजू. कडीकडे नाही, बिजागरीकडे तोंड करून दार उघडायची वाट बघतो. पहाटेच्या ड्यूटीला मी साडेतीनला निघायचो, तेव्हा रोज दारापर्यंत सोडायला यायचा. निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली.

भूभूमाय (रा. १०.४८)
म्हातारपणी स्मृती ढासळली की कुत्री दाराच्या चुकीच्या बाजूला उभी राहतात, हे ओळखीचं लक्षण आहे. त्यावरही औषधं आहेत, डॉक्टरांना हेच शब्द सांगा. जमलं तर मोबाइलवर चित्रफीत काढून न्या. शक्य असेल तर परळच्या बैलघोड्यात (जनावरांच्या हॉस्पिटलात) दाखवा. टाइल्सवर सतरंज्या टाका, पंजांमधले केस कापा.

अनिवासी_अण्णा (रा. ११.१५)
अवांतर: कुत्रा घेऊन रेल्वेने मडगावला जायचं असेल तर काय नियम आहेत? डिसेंबरात येतोय. धागाकर्ते रेल्वेतलेच आहेत म्हणून विचारलं.

मोटरमन_निवृत्त (पुढच्या शुक्रवारी, स. ७.०५)
परळला टॅक्सी करून नेलं. साखर नाही, मूत्रपिंड वयाच्या मानाने ठीक. गोळी सकाळी द्यायला सांगितली आणि दर आठवड्याला कमी करत आणायची आहे. डोक्यासाठी वेगळी गोळी सुरू झाली, तिला वेळ लागेल म्हणाले. पाणी दीड लिटरवर आलं. पॅसेजमध्ये शून्याचा बल्ब, दारापर्यंत सतरंज्या, त्यावर हिचा वॉकरही घसरत नाही. लघवी सहा दिवसांत एकदाच. ओरडणं जवळजवळ थांबलं. खालच्यांना पेढे द्यायला गेलो तर मुलगी म्हणाली, आता मला पहाटे उठवायला कोणी नाही.

साडेतीनला अजून उठतो. मी कडीच्या बाजूने दार उघडतो, जिन्याच्या दोन पायऱ्या बघून तो परत येतो आणि झोपतो. पाच मिनिटांचं काम आहे.

अण्णा, फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटीत घालू नका.

पंपवाला (स. ७.३०)
खाजेचं काय झालं शेवटी?

मोटरमन_निवृत्त (स. ७.४१)
गोचिड्या होत्या.