युद्धातून वाचलेला प्रत्येकजण 'पीटीएसडी'चा रुग्ण असतो का?

काठावरचा:
कुठेही युद्ध पेटलं की आठवड्याभरात 'अख्खी पिढी मानसिक रुग्ण होणार' असे लेख सुरू होतात. मला हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज पाहा: संघर्षग्रस्त भागात साधारण २२ टक्के लोकांना मानसिक आजार, तोही नैराश्य, चिंताविकार, पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार), स्किझोफ्रेनिया सगळं धरून. म्हणजे पाचात एक. आकडा लहान नाही, मान्य. पण उरलेले चार? तेही रात्री दचकतात, रडतात. त्याला आजार का म्हणायचं? घरावर बॉम्ब पडल्यावर शांत झोपणाऱ्याचीच मला जास्त काळजी वाटेल.

आणि पीटीएसडी हे निदान मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, तेही अमेरिकेत, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या खटपटीतून. त्याच्या नावातच 'पोस्ट' म्हणजे 'नंतर' आहे, म्हणजे संकट संपलेलं आहे. जिथे तोफा अजून चालूच आहेत तिथे 'नंतर' कुठून आणायचं?

रानवारा:
+१. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. माणूस मुळात चिवट असतो, आपणच त्याला हळवा करून ठेवतो.

साधा_प्रश्न:
@रानवारा, देवपण आलेल्या दगडाची पूजा होते. टाकीखाली फुटलेले किती, ते कोण मोजतं?

उत्तररात्र:
माझे बाबा सैन्यात होते. कुठे लढले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतरही त्यांचे बूट पलंगाखालीच असायचे, टाचा आतल्या बाजूला, नाड्या सैल. अंधारात पाय घालता यावेत असे. बसायचे भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. आम्ही याला शिस्त म्हणायचो. व्यसन नाही, कर्ज नाही, कामात चूक नाही. काठावरचा, तुमच्या हिशोबात ते त्या चौघांतले.

एकदा भावाने मागून येऊन त्यांचे डोळे झाकले. पुढच्या क्षणी तो जमिनीवर आणि बाबांचा गुडघा त्याच्या छातीवर. भाऊ नऊ वर्षांचा होता. त्यानंतर बाबांनी आम्हा दोघांना कधीच जवळ घेतलं नाही. त्यांना भीती स्वतःचीच वाटत होती, हे मला चाळिशीत कळलं. चिवट होतेच ते. पण त्या चिवटपणाचं बिल घरातल्यांनी भरलं.

टाका_दोरा:
मी या क्षेत्रात काम करते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचून जाते. घटनेनंतर पहिल्या काही दिवसांत दचकणं, झोप उडणं याला पीटीएसडी कुणीच म्हणत नाही. लक्षणं महिन्याहून जास्त टिकली पाहिजेत आणि रोजचं जगणं अडलं पाहिजे. एके काळी घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून 'काय झालं ते सविस्तर सांगा' म्हणायची पद्धत होती. अभ्यासांत दिसलं की एका बैठकीच्या या प्रकाराने पीटीएसडी टळत नाही, काहींचं तर बिघडतंच. आता आधी सुरक्षित जागा, ताटातूट झालेल्या माणसांची गाठ, आणि बोलायचं असेल तर ऐकणं. खोदून विचारायचं नाही. इथवर काठावरचा बरोबर आहेत.

पण ज्यांना आजार जडतो, ते 'काळ हेच औषध' म्हणून बरे होतीलच असं नाही. एका उपचारात माणूस जमिनीवर दोरी पसरतो: एक टोक जन्म, पुढे आयुष्य. चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. मग एकेक दगड क्रमाने बोलायचा, कुठे, कधी, अंगाला काय जाणवलं, म्हणजे आठवण 'आत्ता'तून निघून 'तेव्हा'मध्ये जाऊन बसते. युगांडातल्या नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या निर्वासितांवर हा उपचार झाला, आणि करणारे होते प्रशिक्षण घेतलेले निर्वासितच. डॉक्टर नव्हेत.

काठावरचा:
@टाका_दोरा, हे माहीत नव्हतं. तरी माझा मूळ आक्षेप राहतोच. डेरेक समरफील्ड या मनोविकारतज्ज्ञानेही २००१ मध्ये हेच लिहिलं होतं की दुःखाला वैद्यकीय नाव दिलं की राजकीय प्रश्न दवाखान्यात ढकलला जातो. छप्पर नाही, कागदपत्रं नाहीत, मुलगा बेपत्ता, आणि आपण विचारतो 'झोप कशी लागते?'

साधा_प्रश्न:
मुलाचा शोध घ्या आणि झोपेचंही विचारा. दोन्हीपैकी एकच करायला कुणी सांगितलंय? आणि नाव अमेरिकेचं असेल, दुखणं नाही. कंबोडियात ख्मेर रूजच्या क्रूर राजवटीनंतरच्या अवस्थेला 'बाकस्बात' म्हणतात, म्हणजे मोडलेली हिंमत. त्यांना कुणाच्या यादीची वाट पाहावी लागली नाही.

काठावरचा:
हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे की! त्यांचा शब्द आहे ना, मग तोच वापरा.

@उत्तररात्र, विचारू की नको कळत नाही. बाबांना कुणी पुढे नाव सांगितलं का?

उत्तररात्र:
सांगितलं, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. "याला नाव आहे होय," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर बूट उचलून दारामागच्या कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर परत पलंगाखाली.