मदत हवी आहे: बीर बिलिंगला टँडम पॅराग्लायडिंग, आज रात्रीच ठरवायचंय

अवनी_स
दिवाळीच्या आठवड्यात हिमाचलात बीरला जातोय. टँडम, म्हणजे पायलटबरोबर जोडीने उडायचंय, पहिल्यांदाच. ज्यांच्याकडे चौकशी केली ते म्हणतायत स्लॉट भरत आलेत, आज रात्रीपर्यंत पूर्ण पैसे भरा. माणशी तीन हजार, व्हिडिओचे वेगळे. "छोटं" आणि "मोठं" असे दोन प्रकार सांगतायत. कोणतं घेऊ? दुपारी दोनचा स्लॉट मिळतोय, तो चालेल का? नेटवर शोधा असं कृपया सांगू नका, तिथे जो तो आपलंच विकतोय. लवकर उत्तर द्या.

थर्मल_७७
किती जण आहात? प्रत्येकाचं वय आणि वजन? गुडघे, पाठ, बीपी, गाडी लागणं, यातलं कुणाला काही? "मोठं" म्हणजे किती मिनिटं सांगितलंय? हे कळल्याशिवाय होय-नाही सांगता येणार नाही.
एक मात्र आत्ताच सांगतो. पूर्ण पैसे आज भरू नका. पॅराग्लायडिंग वाऱ्यावर चालतं, बुकिंगवर नाही. वारा पाठीमागून लागला किंवा ढग खाली आले की त्या दिवशी कुणीच उडत नाही. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की फक्त तारीख बदलून, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या आणि मगच ॲडव्हान्स द्या.

कामशेतकर
पहिल्याच वेळी हिमालय कशाला? पुण्याहून दीड-दोन तासांवर कामशेत आहे. टॉवर हिल, शेलार, दोन्ही टेकड्या आटोपशीर. उंची कमी, खाली मोकळं रान, ऑक्टोबर ते मे हंगाम. आधी इथे टँडम करा, भीती मोडली की मग बीर.

थर्मल_७७
कामशेतला शिकायला जावं, यात वाद नाही. पण टँडमसाठी ती "सोपी पायरी" आहे हे पटत नाही. तिथे टेक ऑफ आणि लँडिंगमधला फरक फार थोडा. टेकडीला वारा नीट लागला तरच वर राहता येतं, नाहीतर दोन-तीन मिनिटांत पाय जमिनीला. प्रवाशाला पळावं तिथेही लागतं, पट्टे तेच, धोकाही तोच. उंची कमी म्हणजे सुरक्षित, हा तर मोठा गैरसमज आहे. विंग, म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, मिटली तर ती उघडायला आणि रिझर्व्ह पॅराशूट फेकायला हवेत उंची शिल्लक लागते.

कामशेतकर
उंची मदतीला येते हे मान्य. पण डोंगराळ भागातले दुपारचे थर्मल, म्हणजे उन्हाने तापून वर चढणारी हवा, आणि आपल्याकडचा संध्याकाळचा वारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवख्याला गुळगुळीत हवा द्यावी, एवढंच माझं म्हणणं.

अवनी_स
कामशेत नकोय हो, तिकिटं काढून झालीत. चौघं आहोत. मी, नवरा, दादा, आई. छोटं १५ मिनिटं, मोठं "३० ते ४०". दोन वाजता हो की नाही, एवढं सांगा ना.

थर्मल_७७
आता सांगता येईल. बिलिंगचं टेक ऑफ साधारण २४०० मीटरवर, लँडिंग बीरच्या चौगान मैदानाला, जवळपास ९०० मीटर खाली. टँडम विंग शांत हवेत सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास खाली येते. भागाकार करा: बारा मिनिटं. म्हणजे "छोटं" हे वरून सरळ खाली उतरणं आहे, ते कुठल्याही उडण्याजोग्या हवेत होतं. "मोठं" करायला वर नेणारी हवा, म्हणजे थर्मल, लागते. ती त्या वेळी असेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नसली तर चाळीस मिनिटांचे पैसे भरून तुम्ही बारा-पंधरा मिनिटांतच खाली. तेव्हा विचारा, कमी वेळ झाला तर फरक परत मिळणार का? पहिल्यांदाच असेल तर छोटंच घ्या, पंधरा मिनिटं पुरेशी वाटतात. थर्मलमध्ये चढायचं तर गोल गोल फिरावं लागतं आणि तिथेच बहुतेकांना मळमळतं.
दोनचा स्लॉट मी घेणार नाही. उतारावर ऊन पडून साधारण बारा ते दोन-अडीचला थर्मल सगळ्यात जोरात असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते एप्रिल-मेपेक्षा सौम्य, पण नवख्याला धक्के जाणवतातच. साडेदहा-अकराचा मागा, नाहीतर साडेतीननंतरचा.

उत्तरवारा
साडेतीनला मी दुजोरा देणार नाही. त्या दिवसांत सूर्य लवकर कलतो, खालच्या विंगा उतरायला गर्दी करतात, आणि वरची रांग लांबली की उड्डाण सरळ दुसऱ्या दिवसावर जातं. पहाटे लवकर गेलेलं सगळ्यात बरं, हवा एकदम शांत.

थर्मल_७७
पहाटे हवा शांत असते, पण ती डोंगरावरून खाली वाहत असते. रात्री थंड झालेली हवा जड होऊन उताराने घसरते, म्हणजे टेक ऑफला वारा पाठीमागून. पाठवाऱ्यात विंग डोक्यावर उभी राहत नाही आणि पळण्याचा वेग नको तितका वाढतो. ऊन लागून वारा खालून वर सुरू व्हावा लागतो, त्याला साडेनऊ-दहा होतात. पहाटे सहाची जीप केली तर वर नुसतं कुडकुडत बसणं होईल. गर्दीचं म्हणणं मात्र खरं आहे, म्हणून माझी पहिली पसंती सकाळच्या दुसऱ्या भागाला.

रेल्वेवेडा
बीरला जायचंच आहे तर पठाणकोट ते जोगिंदरनगर ही नॅरोगेज सोडू नका. १९२९ची लाईन, १६४ किलोमीटर. तिच्यावरचं सगळ्यात उंच स्टेशन अहजू, १२९० मीटर, आणि बीरसाठी उतरायचं तेच. पुण्याहून झेलम पठाणकोट कँटला थांबते.

उत्तरवारा
ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा याच लाईनीचा पूल वाहून गेला. त्यानंतर पठाणकोटपासून गाड्या विस्कळीत झाल्या. सध्या कुठून सुटते ते पाहिल्याशिवाय तिच्या भरवशावर बेत आखू नका. पठाणकोट-मंडी रस्त्याने बस आहेच.

अवनी_स
आमचं दिल्लीहून बसचं आहे, तो प्रश्नच नाही. आता वजनं सांगते. मी ५८, नवरा ७४, दादा ९८. आई ६१ वर्षांची, ६६ किलो, बीपीची गोळी चालू आहे. गुडघे थोडे दुखतात पण चालते व्यवस्थित. तिलाच सगळ्यात जास्त हौस आहे.

थर्मल_७७
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, कारण आता खरे प्रश्न दोन: दादांचं वजन आणि आईंचे गुडघे.
दादांचा हिशोब असा. त्यांचे ९८, कपडे-बूट ३, पायलट समजा ७०, विंग, हार्नेस (ज्यात बसतो तो पट्ट्यांचा साज) आणि रिझर्व्ह मिळून २० ते २२. एकूण १९० च्या वर. टँडम विंगची कमाल मर्यादा आकारानुसार बदलते. ४१-४२ चौरस मीटरच्या विंगांना बहुधा २०० च्या पुढे चालतं, लहान विंगेला हेच वजन कडेला जातं. विंगेच्या मधल्या भागात आतून प्रमाणपत्राचं लेबल शिवलेलं असतं, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन छापलेलं. ते दाखवा म्हणायला लाजू नका. फोनवर खरं वजन सांगा, पाच किलो कमी करून नको. दादांना कमी वजनाचा पायलट देऊन बेरीज जुळवणारे भेटतात, तेही नको, कारण पळताना जड प्रवासी हलक्या पायलटला ओढत नेतो.
आईंचं म्हणजे, चालता येतं हा निकष नाही, उतारावर पळता येतं का हा आहे. पंख पेलायला हवेच्या तुलनेत ताशी पंचवीसच्या आसपास वेग लागतो. समोरून पंधराचा वारा असेल तर उरलेला दहा पायांनी काढायचा, म्हणजे जॉगिंग. वारा पडला तर सगळाच पायांनी. त्यात २४०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांश विरळ, म्हणून तोच पंख उचलायला दहा-बारा टक्के जास्त वेग लागतो. घराजवळच्या उतारावर पंधरा-वीस पावलं न थांबता पळून बघायला सांगा. दुखलं तर उत्तर मिळालं.

नाडी_तपासा
बीपी औषधाने आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून नको म्हणायचं कारण नाही, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारून जा आणि त्या दिवशीची गोळी चुकवू नका. मला गुडघ्यांपेक्षा मणक्याची काळजी वाटते. लँडिंगला बऱ्याचदा प्रवाशाला पाय वर घ्यायला सांगून बसत उतरवतात, तो दणका सरळ कमरेच्या मणक्यांना जातो. या वयात बायकांची हाडं ठिसूळ असणं नेहमीचं आहे. तपासणीत तसं निघालेलं असेल, किंवा घसरलेली चकती असेल, तर उडू नये. दादांनाही पाठीचं विचारा.
गाडी लागत असेल तर ॲव्होमीन आपल्या मनाने घेऊ नका, झोप येते आणि टेक ऑफला पायलटच्या सूचना नीट ऐकू येणं महत्त्वाचं आहे. रिकाम्या पोटी नको, तुडुंबही नको. दीड-दोन तास आधी पोहे, टोस्ट असं काहीतरी, चहा थोडाच.

निर्मला_काकू
गोव्याला बोटीमागे करतात तसंच ना हे? तिथे तर पळावं लागत नाही.

उत्तरवारा
काकू, ते पॅरासेलिंग. तिथे बोट दोरीने ओढते, छत्री गोलसर असते, दोर सुटेपर्यंत तुम्ही बोटीला बांधलेल्या. इथे दोर नाही, इंजिन नाही. मागे बसलेला पायलट दोन ब्रेकच्या दोऱ्यांनी दिशा आणि वेग सांभाळतो.

कॅमेरा_कट्टा
व्हिडिओचे वेगळे पैसे देऊ नका. स्वतःचा ॲक्शन कॅमेरा आणि दीड मीटरची काठी न्या.

थर्मल_७७
काठी नको. प्रवाशाने स्वतःची काठी बाहेर काढली की ती पायलटच्या ब्रेकमध्ये किंवा विंगेच्या दोऱ्यांत येऊ शकते. पायलट देतो तीच काठी, तो सांगेल तेव्हाच. मोबाइल चेन असलेल्या खिशात, वरून पडला तर खालच्याच्या डोक्यात.
बुटांचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. घोट्याला आधार देणारे हवेत, पण लेस अडकवायला धातूचे हूक असलेले ट्रेकिंग बूट नकोत. विंग पसरलेली असताना बारीक दोऱ्या त्या हुकांत अडकतात. तेच बूट असतील तर हुकांवरून चिकटपट्टी गुंडाळा. ओढणी, मफलर, लोंबणारी सॅक काही नको. वारा अंगावर ताशी पस्तीस-चाळीसने लागतो, ऊन असलं तरी विंडचीटर आणि हातमोजे घाला.

अवनी_स
हे सगळं लिहून घेतेय. पण पायलट चांगला आहे हे ओळखायचं कसं? आम्हाला तर सगळे सारखेच दिसणार.

थर्मल_७७
हिमाचलात २००४ पासून एरो स्पोर्ट्सचे नियम आहेत. पायलटची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ओळखपत्र मागा, फोटो समोरच्याच माणसाचा आहे का ते बघा. बुकिंग घेणारा वेगळा आणि उडवणारा वेगळा असतो, म्हणून हे ऑफिसात नाही, वर टेक ऑफला विचारायचं.
पण ओळखपत्रापेक्षाही मांड्यांचे पट्टे. हार्नेस सॅकसारखा खांद्यात घालतात. छातीचा पट्टा आवळला की आपण घट्ट बांधलो गेलोय असं वाटतं, आणि मांड्यांचे दोन्ही पट्टे उघडे असले तरी उभं असताना काही जाणवत नाही. जाणवतं ते पाय जमिनीवरून सुटल्यावर, तेव्हा माणूस हार्नेसमधून खाली घसरू लागतो. हे होतं कधी? वारा फिरला म्हणून अर्धा तास थांबावं लागतं, कुणी जाकीट काढायला किंवा लघवीला जायला पट्टे सोडतो, तेवढ्यात वारा लागतो, "चलो चलो" होतं. म्हणून पट्टे एकदा सुटले की तपासणी पहिल्यापासून. उजवी मांडी, डावी मांडी, छाती, दोन्ही कॅराबिनर (हार्नेस अडकवायच्या धातूच्या कड्या), हेल्मेटचा पट्टा. प्रत्येक बक्कल लावताना टक्क वाजायला हवं, मग दोन बोटं घालून ओढून बघायचं. हे आईंचं तुम्ही करा, तुमचं नवऱ्याने, पायलटने केलेलं असलं तरी.
टेक ऑफची सूचना हिंदीत असते: "दौड़ो, दौड़ो, बैठना नहीं." पाय सुटले तरी हवेत पळत राहायचं. उडी मारली किंवा घाईने बसकण घेतली की पंखावरचा भार क्षणभर सुटून परत आदळतो, विंग मागे रेंगाळते आणि दोघंही उतारावर फरपटतात. हाताने पायलटचे हात किंवा वरचे पट्टे धरायचे नाहीत. आणि उडायच्या आधी स्पष्ट सांगा, "भाईजी, स्पायरल नहीं करना." उतरताना गोल फिरवून दाखवायची हौस काहींना असते, न विचारता करतात.

कामशेतकर
पट्ट्यांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. हे कामशेतलाही तसंच. लँडिंगचं जोडतो: पायलट सांगेल तेव्हा हार्नेसमधून पुढे सरकून पाय खाली, जमीन लागताच तीन-चार पावलं पुढे पळायचं. जमिनीकडे बघत पाय ताठ ठेवले की घोटा जातो.

अवनी_स
अपडेट. त्यांना फोन केला. हवामानाने रद्द झालं तर पैसे परत लिहून द्यायला आधी तयार नव्हते. दुसरीकडे विचारते म्हटल्यावर मेसेज पाठवला, आता फक्त २० टक्के आगाऊ. छोटं घेतलंय, साडेदहाचं. दादाच्या वजनावर म्हणाले "हो जाएगा". आई सोसायटीच्या रॅम्पवर पळून बघायला खाली गेलीय, उजवा गुडघा धरून बसलीय.

थर्मल_७७
"हो जाएगा" हे उत्तर नाही. विंगेची कमाल मर्यादा किती किलो, हा आकडा मागा. देत नसतील तर दादांपुरतं दुसरीकडे बघा.
आईंना या खेपेला उडवू नका. जीपने तुमच्याबरोबर बिलिंगला जाऊ दे, बीरहून १४ किलोमीटर आहे, टेक ऑफ अगदी जवळून बघता येतं. मग त्याच जीपने खाली चौगानला. जीप खाली थांबणार की वर दुसऱ्यांना घेणार, हे आदल्या दिवशीच ड्रायव्हरशी ठरवा, नाहीतर तुम्ही खाली आणि त्या वर अडकून बसतील.