मदत हवी आहे: घर विकून नॅरोबोटवर राहायला जायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं गेली १९ वर्षं बर्मिंगहॅमला आहोत, मुलगी नोकरीला लागून वेगळी राहते आणि आता घर विकून कॅनॉलवर बोटीतच राहायचं असं मनाने घेतलंय. ५७ फुटी एक नॅरोबोट (कॅनॉलवरची लांब, अरुंद बोट) बघून आलो, रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच, ह्यांनी हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकली, पण खिडकीखालून बदकं जाताना बघितली आणि मी तिथेच हरखून गेले.

आता खरी काळजी. कायमचं मुरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, नसेल तर साधारण दर १४ दिवसांनी बोट पुढे न्यावी लागते, लायसन्सलाही जास्त पैसे पडतात, मग जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि बँकेला पत्ता कुठला देता तुम्ही? ह्यांना डायबेटिस आहे, औषधं चुकवून चालणार नाही. मुलीचा पत्ता दिला तर चालतो का?

दुसरं म्हणजे सर्व्हे. बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्यायचीच हे पक्कं आहे, आधीच्या एका विकणाऱ्याने त्याला नाही म्हटलं म्हणून ती बोट सोडली. पण सेफ्टी सर्टिफिकेट ४ वर्षांचं असतं, ते संपत आलं असेल तर किंमत कमी करून मागावी का?

आणि थंडीत आत ओल धरते म्हणतात, कोळशाची शेगडी रात्रभर ठेवता का? आईचं सागवानी देवघर न्यायचंय, ते खराब होईल का हो?

घराला गिऱ्हाईक आलंय, महिन्याभरात सांगायचंय. प्लीज, जे बोटीवर राहिलेत त्यांनी कळवा.