स्टेंट बसला, भीती ओसरली, चालणंही थांबलं – सल्ला हवा

निशिगंध_सांगली:
वडील, वय ६४. अँजिओप्लास्टीला चार महिने झाले, एक स्टेंट. पहिला दीड महिना रोज चालले, अळणी जेवले. आता म्हणतात, "ब्लॉकेज काढलंय ना, मग झालं." पापड-लोणचं परत ताटात आलंय. गोळ्या मात्र वेळेवर घेतात: मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवायच्या दोन. चालायला डॉक्टरांची परवानगी आहे. रागावून झालं, उपयोग शून्य.

तिसरा_मजला:
धाकाने पाळलेलं पथ्य धाक ओसरला की सुटतंच. "ब्लॉकेज काढलं" हा गैरसमज तुम्ही काढायला जाऊ नका, डॉक्टरांना काढू द्या. पुढच्या तपासणीला अँजिओग्राफीची सीडी न्या आणि बाकीच्या रक्तवाहिन्या त्यांना दाखवायला सांगा. स्टेंट एका जागेपुरता असतो, आजार तेवढ्याच जागेपुरता नसतो.

"रोज पाऊण तास" हे सध्या विसरा. सकाळचा चहा झाला, कप विसळला, की चपला घालायच्या आणि १० मिनिटं चालायचं. रोजच्या कामाला गाठ मारली की वेगळं ठरवावं लागत नाही. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० वर न्या, आठवड्यातले पाच दिवस. एखादा दिवस चुकला तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू देऊ नका. गुडघा तिथेच धरतो आणि मग महिना जातो.

खरी अडचण वेगळी आहे. कोलेस्टेरॉल उतरलं तर श्रेय गोळीला, वजन तर लवकर हलत नाही. मग आपण चाललो त्याचं काय झालं, हे माणसाला दिसणार कुठे? त्यासाठी ३० मीटरचा सरळ पट्टा टेपने मोजा, दोन टोकांना खडूच्या रेघा मारा. त्यावर ये-जा करत सहा मिनिटांत किती अंतर झालं ते महिन्यातून एकदा वहीत लिहायचं. आकडा त्यांनीच लिहायचा, तुम्ही नाही.

निशिगंध_सांगली:
हे जमेल. चालताना घड्याळात नाडी १२५ वर न्यावी असं एकाने सांगितलंय, ते बरोबर का?

नाडी_मोजा:
नाही. मेटोप्रोलॉल नाडी फार चढूच देत नाही, त्यामुळे जास्तीत जास्त नाडी काढायचं २२० वजा वय हे गणित त्यांना लागू नाही. आकडा गाठायच्या नादात जास्त दमतील. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, हा वेग ठीक. दोन शब्दांनी थांबावं लागलं तर हळू व्हायचं.

सुरुवातीची आणि शेवटची ५ मिनिटं संथ. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं, त्यात बीपीची गोळी, म्हणजे चक्कर. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, गार घाम यातलं काहीही झालं तर लगेच बसायचं. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तीही बसूनच घ्यायची. ५ मिनिटांत उतार नाही तर १०८. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

शेपूची_जुडी:
अळणी जेवण कुणालाच टिकत नाही, गडबड तिथेच झाली. मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. त्यांची भाजी वेगळी करू नका, अख्ख्या घराचं मीठ थोडं थोडं उतरवा. चार माणसं असतील तर सकाळीच तीन सपाट चमचे वाटीत काढून ठेवा. चौथा चमचा बिस्किटं, पाव, फरसाणातून पोटात जातोच. भाकरीत आणि भातात मीठ नाही. ताकाला भाजलेल्या जिऱ्याची पूड, आमटीला आमसूल, उसळीवर लिंबू. कारळ्याची चटणी कमी मिठाची.

लोणचं बंद करू नका, रविवारी एक फोड द्या. पापड मात्र वाईट: मीठही, पापडखारही, भाजला तरी सोडियम तेवढंच. सैंधव हेही मीठच, एवढं सांगून ठेवते. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, एक तारखेला मोजून वेगळ्या बरणीत.

नाडी_मोजा:
'लो सोडियम' मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीने पोटॅशियम अंगात साठू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका आणखी मोठा. आधी विचारा.

कट्टा_क्र_४:
कंटाळा आहे की मन उतरलंय, तेही बघा. हार्ट अटॅक किंवा स्टेंटनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडलीय, पेपरही उघडत नाहीत, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. काहींना धाप लागली की पुन्हा अटॅकच वाटतो, आणि ते भीतीला "कंटाळा" म्हणतात. तसं असेल तर पहिले काही दिवस कुणीतरी सोबत चालावं. बोलायला, पहारा द्यायला नव्हे.

निशिगंध_सांगली:
सगळ्यांचे आभार. आमचं पार्किंग २० मीटरच आहे, चालेल?

तिसरा_मजला:
चालेल, पण दर वेळी तीच जागा आणि त्याच चपला. वळणं जास्त झाल्याने अंतर थोडं कमी भरेल, म्हणून शेजाऱ्यांच्या आकड्याशी तुलना नको.