मदत हवी आहे: वाचनालयाच्या संगणकासमोर कोणी बसलंय की नाही, हे स्क्रिप्टने कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयाचं काम बघते. अभ्यासिकेत पाच संगणक आहेत, सगळे विंडोज १०, दोन कोअर, ४ जीबी रॅम. मुलं अर्ज भरायला येतात, मेल उघडतात, आणि तेवढ्यात एसटीची वेळ झाली की तशीच उठून जातात. पुढचा बसतो तेव्हा आधीच्याचं सगळं उघडंच असतं: मेल, आधार कार्डाची पीडीएफ, एकदा तर बँकेचं पानसुद्धा. म्हणून पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप लॉगऑफ व्हावं, अशी पॉवरशेल (आज्ञा लिहून कामं करून घेण्याची विंडोजची सोय) स्क्रिप्ट लिहायला घेतली.

पहिल्या स्क्रिप्टमध्ये माउसचा बाण कुठे आहे ते सतत बघत होते. लूपमध्ये (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागात) थांबाच ठेवला नव्हता, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ५०% वर. १०० मिलिसेकंदांचा थांबा घातल्यावर तो खाली आला, पण खरी चूक पुढे कळली. एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. ती रकान्यांमधून टॅबने फिरते, माउसला हात लावत नाही. पाच मिनिटांनी तिच्या डोळ्यांदेखत सगळं बंद झालं, अर्ध्या तासाचं टायपिंग गेलं. तिची माफी मागितली, अर्ज परत भरताना शेजारी बसले. तेव्हापासून हे नीट झाल्याशिवाय स्क्रिप्ट चालू ठेवायला मन धजत नाही.

मग विंडोजचं 'गेटलास्टइनपुटइन्फो' नावाचं तयार फंक्शन सापडलं. ते माउस आणि कीबोर्ड दोन्ही धरतं. शेवटची हालचाल कधी झाली तो आकडा घ्यायचा आणि डॉटनेटच्या 'एन्व्हायर्नमेंट'मधल्या 'टिककाउंट'मधून (संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वजा करायचा. दर सेकंदाला हे तपासते. चार संगणकांवर बरोबर चालतंय. पाचव्यावर उत्तर उणे येतं, तेही ४२९ कोटींच्या घरात, आणि लॉगऑफ कधीच होत नाही. स्क्रिप्ट पाचही ठिकाणी तीच आहे.

शिवाय टास्क शेड्युलरमधून (कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) 'सिस्टिम' या विंडोजच्या अंतर्गत खात्याने चालवली तर समोर माणूस टाइप करत असतानाही वेळ वाढतच जाते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. जुन्या मशीनवर भार कमी पडावा, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

ताई, पाचव्या संगणकाचा अप टाइम (सुरू झाल्यापासूनचा वेळ) बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर दिसेल. माझा अंदाज, २५ दिवसांच्या वर असणार.

दुसरा प्रतिसाद (धागाकर्ती)

३१ दिवस दाखवतोय! पण मी रोज संध्याकाळी सगळे संगणक स्वतः शट डाउन करते.

तिसरा प्रतिसाद (पहिला प्रतिसाद देणारेच)

फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउनला विंडोजचा गाभा खरा बंद होत नाही, हायबरनेट होतो, म्हणजे आहे त्या स्थितीत डिस्कवर साठवला जातो. घड्याळ पुढे मोजतच राहतं. ते शून्यावर आणायला रीस्टार्टच करावं लागतं.

आता उणे आकड्याचं. ही मोजणी मिलिसेकंदांत, ३२ बिटांत चालते. 'गेटलास्टइनपुटइन्फो' बिनचिन्हाची (कधीच उणे न होणारी) संख्या देतं, ती ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यापासून सुरू होते. डॉटनेटचं 'टिककाउंट' मात्र चिन्हासकट असतं, ते २४.९ दिवसांनी एकदम उणे होतं. तुम्ही उण्यातून मोठी अधिक संख्या वजा करताय, म्हणून तो ४२९ कोटींचा आकडा.

उपाय सोपा आहे. वजाबाकी पॉवरशेलमध्ये करूच नका, कारण पॉवरशेल स्वतःच संख्येचा मोठा प्रकार निवडून उत्तर उणे करतं. ते फंक्शन वापरायला 'ॲड-टाइप' आज्ञेने सी शार्प भाषेतल्या कोडचा जो तुकडा जोडला आहे, त्यातच दोन्ही संख्या 'यूइंट' (बिनचिन्हाच्या) करून वजा करा आणि फक्त फरक बाहेर द्या. बिनचिन्हाच्या वजाबाकीत घड्याळ शून्यावर परतलं तरी फरक बरोबरच येतो.

दर सेकंदाला तपासायचीही गरज नाही. समजा आत्ता ९० सेकंद हालचाल नाही आणि मर्यादा ३०० ची आहे. मग पुढच्या २१० सेकंदांत मर्यादा ओलांडणं शक्यच नाही, तर तेवढा वेळ स्क्रिप्टला झोपवा. उठल्यावर पुन्हा बघा: माणूस मध्ये हलला असेल तर नवा फरक काढून उरलेला वेळ झोपवा. कोणी सलग काम करत असेल तर तासाला बारा-तेरा वेळा जाग येते. १०० मिलिसेकंदांच्या लूपला ३६,००० वेळा येते.

'सिस्टिम' खात्याचं कारण असं: विंडोज व्हिस्टापासून सेवा आणि 'सिस्टिम'ची कामं सेशन शून्यमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांपासून वेगळ्या सत्रात चालतात, आणि हे फंक्शन फक्त आपल्या सेशनपुरतंच बघतं. तिथे कोणी टाइप करत नाही. टास्क 'लॉग ऑन झाल्यावर', त्याच वापरकर्त्याच्या नावाने लावा.

चौथा प्रतिसाद

एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. सगळी मुलं एकाच विंडोज खात्यावर बसत असतील, तर लॉगऑफने ब्राउझर बंद होईल, पण कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या नोंदी) तशाच राहतील. पुढच्याने क्रोम उघडून मेलचा पत्ता टाकला की आधीच्याचीच पेटी उघडेल. क्रोमच्या शॉर्टकटला गेस्ट मोडचा पर्याय लावा. त्या खिडक्या बंद झाल्या की कुकी आणि हिस्टरी पुसली जाते. डाउनलोड केलेल्या फायली मात्र राहतात, तो फोल्डर स्क्रिप्टने वेगळा रिकामा करा. तुमची ती आधारची पीडीएफ तिथेच पडलेली असणार.

लॉगऑफच्या आधी सूचनाही द्या. साधी मेसेज बॉक्स स्क्रिप्टला अडवून ठेवते. विंडोजच्या 'डब्ल्यूस्क्रिप्ट शेल'मधल्या 'पॉपअप' सूचनेला किती सेकंदांनी आपोआप मिटायचं ते सांगता येतं, ६० ठेवा. ती मिटली की हालचालीची वेळ पुन्हा मोजा. मध्ये माउस जरी हलला असेल तरी लॉगऑफ करू नका.

पाचवा प्रतिसाद

व्याख्यानांचे व्हिडिओ बघणारी मुलं अर्धा अर्धा तास कशालाही हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी मर्यादा वेगळी लागेल. आणि कुणी टास्क शेड्युलरची 'आयडल' (संगणक रिकामा असेल तरच) अट सुचवली तर इथे वापरू नका, ती सीपीयू आणि डिस्कचा भारसुद्धा धरते.

सहावा प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. वजाबाकी सी शार्पमध्ये नेली, पाचव्या संगणकावर आकडा लगेच सरळ आला. टास्क मॅनेजरमध्ये आता स्क्रिप्टपुढे ०% दिसतं. डाउनलोडचा फोल्डर उघडून बघितला, आधार कार्डं, गुणपत्रिका, जातीचे दाखले, चौसष्ट फायली होत्या. सगळ्या पुसल्या. हे आधी सुचायला हवं होतं. व्हिडिओ बघायच्या, हेडफोनच्या संगणकाला २० मिनिटं ठेवली आहेत.

एक अडचण उरली आहे. खिडकीजवळच्या संगणकावर कोणी नसतानाही वेळ मध्येच शून्य होते. व्हायरस तपासला, काही नाही.

सातवा प्रतिसाद (पहिला प्रतिसाद देणारेच)

माउसखाली पॅड आहे का?

आठवा प्रतिसाद (धागाकर्ती)

नाही, नुसतं चकचकीत सनमायका. आत्ता जाऊन उभी राहिले. पंखा चारवर असला की टेबल थरथरतं आणि बाण एखादा ठिपका सरकतो. माउसखाली जुन्या कॅलेंडरचं पान उलटं ठेवलं, सात मिनिटं थांबले. पाचव्या मिनिटाला सूचना आली, सहाव्याला लॉगऑफ झालं. उद्या पाचही पॅड आणते, आणि त्या मुलीलाच पहिल्यांदा बसवून टॅबने अर्ज भरून बघायला सांगते.